लिव्ह उल्मन म्हणजे बीबी अँडरसन नव्हे, आणि स्वीडिश तर अजिबातच नव्हे

इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाच्या 'पर्सोना' पिक्चरमधला तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, दोघी एकमेकींना खेटून उभ्या, एकीचा हात दुसरीच्या कपाळावरचे केस मागे सारतोय. कुणीतरी तो टाकतं, खाली लिहितं 'ग्रेट स्वीडिश ॲक्ट्रेस लिव्ह उल्मन', आणि रोख असतो त्यातल्या दुसरीकडे, बीबी अँडरसनकडे. मग त्या समुद्रकिनाऱ्याच्या लांबलचक मोनोलॉगचं कौतुक सुरू होतं, काय बोललीये लिव्ह, अंगावर काटा आला वगैरे. अहो, लिव्ह आहे नॉर्वेची, आणि त्या पिक्चरमधे ती जवळजवळ बोलतच नाही! तो मोनोलॉग बीबीचा. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दर वेळी तेच.

बीबीबद्दल फार लिहीत नाही, बर्गमन बघणाऱ्यांना ती पाठ असते. स्टॉकहोमची, जन्म १९३५चा, 'सेव्हन्थ सील'मधली दुधाचा वाडगा पुढे करणारी मिया, 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधली सारा. २०१९ला गेली. झालं.

किरकोळ घोळ पटकन मिटवून टाकू. चेहरा: 'पर्सोना'त आखूड केसांची ती बीबी, ओठ भरलेले आणि चेहऱ्यावर फ्रेकल्स असलेली ती लिव्ह. दोघींचं बर्गमनशी कधी ना कधी जमलं होतं, बीबीचं १९५०च्या दशकात, लिव्हचं 'पर्सोना'पासून पुढची पाचेक वर्षं, आणि लेखिका लिन उल्मन ही लिव्हची आणि बर्गमनची मुलगी. लग्न मात्र त्याने या दोघींपैकी कुणाशीच केलं नाही, तेव्हा 'बर्गमनची बायको' लिहिणं बंद करा. आणि इंग्रिड बर्गमन ही तिसरीच, इंगमारशी आडनावापलीकडे काही नातं नाही. संपलं.

आता खरा घोळ. लोक बीबीचं चरित्र उचलून लिव्हला चिकटवतात. 'बर्गमनने शोधलेली, बर्गमनने घडवलेली पोरगी' हे वाक्य बीबीबद्दल निदान अर्धं तरी खरं आहे, कारण १९५१ला त्याने साबणाच्या जाहिराती केल्या त्यात ती पंधरा वर्षांची असताना होती आणि पुढची दहा-बारा वर्षं त्याच्याच पिक्चरमधे मोठी झाली. (अर्धंच म्हणतोय, कारण नाटकाचं रीतसर शिक्षण तिनेही घेतलं होतं.) लिव्हबद्दल हे सपशेल खोटं. 'पर्सोना'चं शूटिंग १९६५च्या उन्हाळ्यात झालं, आणि तोवर ही बाई आठ वर्षं नॉर्वेत स्टेजवर उभी राहत होती.

तिचा जन्म १६ डिसेंबर १९३८चा, तोही टोकियोत, कारण वडील इंजिनियर आणि नोकरी तिकडे. आत्मचरित्रात तिने सांगितलंय की नर्सने आईच्या कानाशी वाकून दिलगिरीच्या सुरात सांगितलं, मुलगी झालीये, नवऱ्याला तुम्हीच सांगता का. (हा सूर आपल्याला काही परका नाही.) युद्धात कुटुंब कॅनडात गेलं, मग वडील वारले, आणि आई दोन मुलींना घेऊन नॉर्वेला परतली, ट्रॉन्डहाइमला. ऑस्लोच्या नाट्यशाळेने तिला घेतलं नाही, मग ती काही महिने लंडनला शिकून आली आणि १९५७ला स्टावांगरच्या रोगालँड थिएटरमधे उभी राहिली ती थेट ॲन फ्रँक म्हणून. तिथून ऑस्लो, तिथे ज्युलिएट, ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मधली ग्रुशा, अशी कामं. मधे नॉर्वेजियन पिक्चरही केले, १९५९ला एडिथ कार्लमार या दिग्दर्शिकेने तिला घेऊन केलेला पिक्चर त्यातलाच, कार्लमारबाई म्हणजे नॉर्वेची पहिली स्त्री दिग्दर्शक आणि तो त्यांचा शेवटचा सिनेमा. हे सगळं झाल्यावर बर्गमन येतो. आणि तो येतो तोही बीबीमुळे: दोघींनी १९६२ला आलेल्या एका पिक्चरमधे एकत्र काम केलं होतं, मैत्री झाली होती, त्याने दोघींना एकत्र बघितलं आणि त्यांच्यातलं साम्य त्याच्या डोक्यात बसलं. तेव्हा त्याने कुणाला शोधलं वगैरे नाही, बीबीने मैत्रिणीची ओळख करून दिली आणि त्याने तिच्यासाठी रोल लिहिला.

हे समजलं की 'पर्सोना' वेगळा दिसतो. लिव्हची एलिसाबेत ही नटी आहे, स्टेजवर मधेच गप्प झालेली, आणि बीबीची आल्मा ही तिला सांभाळणारी नर्स. पूर्ण पिक्चर आल्मा बोलते. लिव्हच्या वाट्याला मोजके शब्द, त्यातले एकदा आल्मा उकळत्या पाण्याचं भांडं उचलते तेव्हा तोंडून निघालेलं घाबरलेलं नको-नको. बाकी सगळा वेळ चेहरा. रात्री आल्मा ती किनाऱ्यावरची गोष्ट सांगतेय आणि लिव्ह पलंगावर पडून ऐकतेय, तेव्हा सांगणारीकडे नाही, ऐकणारीकडे बघा एकदा. काही म्हणजे काही करत नाही ती, आणि तरी तुम्हाला कळतं की ही ऐकतेय तेवढंच नाही, साठवतेय, उद्या हे सगळं कुठेतरी वापरणार. शब्द हातात नसताना पलीकडच्याचं वाक्य अंगावर घेत राहणं हे स्टेजवर वर्षानुवर्षं दुसऱ्याची वाक्यं ऐकत उभं राहिल्याशिवाय येत नाही असं माझं ठाम मत आहे, कॅमेऱ्यापुढे वाढलेल्या नटाला गप्प बसवा, तो काहीतरी करायला लागतो. नंतर आल्मा एलिसाबेतला तिच्या मुलाबद्दल सुनावते तो प्रसंग बर्गमन दोनदा दाखवतो, शब्द तेच, एकदा कॅमेरा लिव्हवर आणि एकदा बीबीवर, आणि शेवटी दोघींचे अर्धे अर्धे चेहरे जोडून एक करतो. बर्गमनने सांगितलेली गोष्ट अशी की ती जोडलेली फ्रेम दोघींना दाखवली तर प्रत्येकीला वाटलं हा तर दुसरीचा फोटो! म्हणजे खुद्द त्यांचाच घोळ झाला. पण त्यांना माफ आहे, तुम्हाला-आम्हाला नाही.

म्हणून मोनोलॉगचं श्रेय लिव्हला दिलं की दोघींवर अन्याय होतो. बीबीला त्या रोलसाठी स्वीडनचा गुल्डबाग्गे हा सिनेमाचा पुरस्कार मिळाला, आणि योग्यच मिळाला. लिव्हला बोलता येत नाही असंही समजू नका, 'द पॅशन ऑफ ॲना'मधे अपघाताची आठवण ती क्लोजअपमधे सलग सांगते ते बघा.

स्वीडिशचा शिक्का कसा बसला तेही कळण्यासारखं आहे. बर्गमनच्या दहा पिक्चरमधे ती आहे, बहुतेकांत स्वीडिश बोलते. वर यान ट्रोएलच्या 'द एमिग्रंट्स'मधे स्मोलांडची शेतकरीण क्रिस्टिना, खडकाळ जमिनीला कंटाळून नवऱ्याबरोबर मिनेसोटाला निघालेली. स्वीडनच्या स्थलांतराचा चेहराच म्हणा ना, आणि तो नॉर्वेच्या बाईचा! त्यासाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, मग 'फेस टू फेस'साठी दुसरं, बक्षीस दोन्ही वेळा दुसऱ्यांना. मानद ऑस्कर आला २०२२ला, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, जाऊ द्या.

पण स्टेज तिने सोडलं नाही आणि हेच लोक कापून टाकतात. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा तिने आधी ऑस्लोत केली आणि १९७५ला न्यूयॉर्कला इंग्रजीत. १९७७ला ओनीलची ॲना क्रिस्टी, १९७९ला एक म्युझिकल, १९८२ला परत इब्सेन, 'घोस्ट्स'. मराठी नाटकवाल्यांना खरं तर ही बाजू जास्त जवळची वाटायला हवी, नोरा आपल्याकडे अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून येऊन गेलीये आणि १९३३चं नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' तर ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन नाटककारावरूनच वर्तकांनी घेतलेलं. तरी आपल्याकडे लिव्ह उल्मन म्हटलं की फक्त बर्गमन, बर्गमन, बर्गमन. तिने स्वतः दिग्दर्शन केलं, १९९२चा 'सोफी', बर्गमनने लिहिलेला आणि तिने केलेला २०००चा 'फेथलेस', २००९ला सिडनीत केट ब्लँचेटला घेऊन 'स्ट्रीटकार' हे नाटक. आणि हो, हॉलीवूडमधे 'लॉस्ट होरायझन' नावाचं म्युझिकल पण केलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

कुठून सुरू करायचं विचाराल तर 'पर्सोना'वरून करू नका, तिथेच सगळे गोंधळतात. आधी 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज'चा पहिला एपिसोड बघा, त्यात दोघी आहेत. मारियानच्या घरी जेवायला आलेलं जोडपं, बायको कातारिना म्हणजे बीबी, नवऱ्याला पाहुण्यांसमोर उभा-आडवा सोलून काढतेय, आणि यजमानीण लिव्ह बघतेय, आपल्या घरात असलं काही नाही अशी खात्री चेहऱ्यावर घेऊन. मग 'ऑटम सोनाटा', जो नॉर्वेतच शूट झाला. लिव्हची एव्हा शोपँचा प्रेल्यूड वाजवते, मग पियानिस्ट आई, म्हणजे इंग्रिड बर्गमन, तोच कसा वाजवायला हवा ते शेजारी बसून वाजवून दाखवते, आणि त्या पूर्ण वेळात लिव्ह कीबोर्डकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघत असते. कौतुक आहे, मान खाली घालणं आहे, आणि तळाशी इतका जुना राग की पुढचा अर्धा पिक्चर काय होणार ते तुम्हाला तिथेच कळतं. हे दोन बघून झाले की 'पर्सोना' लावा. कोण कुठली ते विचारावं लागणार नाही.