फिनलंडची मधमाशी आपल्या ओळखीची निघाली

फिनिश भाषेत शंभरला ‘साता’ म्हणतात, मधाला (जुन्या, काव्यातल्या भाषेत) ‘मेसी’, मधमाशीला ‘मेहिलॅइनेन’ आणि रेनडिअरच्या पिल्लाला ‘वासा’. आता आपल्या ‘दोनशे’मधला ‘शे’ आला शतवरून, माशी आली मक्षिकेवरून, वासरू वत्सावरून, म्हणजे हे शब्द आपल्या शब्दांचे लांबचे भाऊबंद, आणि हे व्हॉट्सॲप फॉरवर्ड नाहीये, भाषातज्ज्ञ खरंच असं मानतात.

फॉरवर्डवाले यापुढे जे ठोकून देतात, की फिनिश संस्कृतातून निघाली, ते मात्र साफ चूक. फिनिश, एस्टोनियन, कारेलियन, वेप्स या फिनिक भाषा उरालिक कुळातल्या, म्हणजे संस्कृत-मराठीच्या कुळाहून वेगळ्याच, हंगेरियन त्यांची लांबची बहीण. हाताला ‘कॅसी’, डोळ्याला ‘सिल्मॅ’, माशाला ‘काला’, इथे आपलं काहीच जुळत नाही. आपण रोज बटाटा, पगार, चावी म्हणतो, सगळे पोर्तुगीज शब्द, म्हणून मराठी काही पोर्तुगीजची लेक होत नाही ना? तसंच हे, उसने शब्द.

घेतले कुठून? साधारण 4000 वर्षांपूर्वी उरल पर्वताच्या दक्षिणेला गवताळ मैदानात सिंताश्ता संस्कृतीचे लोक राहायचे, घोडे पाळायचे, आरे असलेल्या चाकांचे रथ बनवायचे, आणि ते संस्कृत आणि अवेस्ता (पारशांच्या धर्मग्रंथाची भाषा) यांच्या आधीची इंडो-इराणी भाषा बोलत असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. त्यांच्या उत्तरेला जंगलात उरालिक बोलणारे. शेजार आला की उसनवारी आलीच.

पण हे कळतं कसं? मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. फिनिक लोक नंतर बाल्टिक समुद्राकडे आले, तिथल्या शेजाऱ्यांपैकी लिथुआनियन भाषेत शंभर म्हणजे ‘शिम्तास’. शब्द तिथून घेतला असता तर मधला ‘म’ दिसला असता, ‘साता’त तो नाही, आणि ‘म’ जाऊन ‘अ’ होणं ही इंडो-इराणीची खूण. मधमाशीत उलटी गंमत. संस्कृतात ‘मक्षिका’, पण फिनिशमध्ये अजून ‘मे’, म्हणजे इंडो-इराणीत ‘ए’चा ‘अ’ व्हायच्या आधीच हा शब्द तिकडे पोचला. अक्षरं ही इथे झाडाच्या वर्तुळांसारखी वाचायची.

एक शब्द जरा बोचतो. ‘ओर्या’ म्हणजे गुलाम, आणि तो ‘आर्य’पासून आला असं बहुतेकांचं मत. लढाईत पकडलेल्यांना त्यांच्याच जमातीचं नाव चिकटलं असणार. आर्य म्हणजे फक्त जेते, असं समजणाऱ्यांनी हा शब्द एकदा बघावा.

हातोडीला ‘वासारा’, आपलं वज्र. फिनिश लोकांचा मेघगर्जनेचा देव उक्को, त्याच्याही हातात हीच. आणि मधमाशी तर थेट ‘कालेवाला’त येते. एलियास ल्योनरोट या डॉक्टरने मुख्यतः फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलियात फिरून लोकगीतं गोळा करून हे महाकाव्य रचलं, पहिली आवृत्ती 1835 ची, वाढवलेली 1849 ची, 50 गीतांची. त्यात लेम्मिन्कॅइनेन या वीराच्या देहाचे तुकडे मृत्यूच्या नदीत पडलेले असतात, आई लोखंडी दाताळ्याने ते गोळा करून जोडते, पण पोरगा काही बोलत नाही. मग ती मधमाशीला औषध आणायला पाठवते. दोन खेपा फुकट जातात. तिसऱ्यांदा माशी चंद्राच्या कडेने, सप्तर्षींच्या खांद्यावरून उडत थेट देवाच्या कोठारात शिरते, मलम आणते, आणि पोरगा उठून म्हणतो, किती वेळ झोपलो होतो मी!