बेदाण्याएवढी कवडी, जी कवडी नाहीच

पंचवटीत रामकुंडाजवळ पूजेच्या सामानाच्या दुकानात रुद्राक्षाशेजारी कवड्या ठेवलेल्या असतात. परवा भाची म्हणाली, मामा हे पण झाडालाच लागतं का? हसू आलं, पण नाशिकला समुद्र कुठाय, आपला कवडीशी संबंध एक तर गोंधळ्याच्या माळेपुरता नाहीतर कांद्याच्या भावापुरता, मग ते एका समुद्री गोगलगायीचं घर आहे हे लक्षात कसं राहणार.

तर कवडीची एक लांबची चुलतबहीण आहे, ट्रिव्हिया मोनाका, भूमध्य समुद्रापासून वर ब्रिटनच्या किनाऱ्यापर्यंत सापडते. दा कोस्टा नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1778 मध्ये तिची नोंद केली. साईज साधारण 12 मिलिमीटर, म्हणजे आपला बेदाणा, आणि पाठीवर रेघाही तशाच उठून दिसणाऱ्या, आडव्या. कवडी गुळगुळीत, ही रेघांची, एवढं बघितलं तरी ओळखू येते. वर तीन काळपट ठिपके.

लहानपणी हिचा शंख साध्या गोगलगायीसारखाच पिळाचा आणि पातळ असतो, मग शेवटचा वेढा आधीचे सगळे पोटात घेतो, तोंडाची कड आत वळते आणि खाली ती दातेरी फट तेवढी उरते. जिवंत असताना अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर चढून शंख झाकते आणि तीच वरून नवे थर देत राहते, म्हणून शंखाला ती चमक, पॉलिश कोणी मारलेलं नसतं.

खाणं मात्र भारी आहे. खडकाला चिकटलेले जेलीसारखे सी स्क्वर्ट नावाचे जीव ती कुरतडते, आणि गंमत म्हणजे ते दिसतात स्पंजासारखे पण नात्याने आपल्याच बाजूचे, पिल्लू असताना त्यांच्या शेपटीत, आपण गर्भात असताना पाठीच्या कण्याच्या जागी असतो तसा एक लवचिक दांडा असतो. अंडी घालायची तर त्याच सी स्क्वर्टला भोक पाडायचं आणि आत सुरईसारखी अंड्यांची कुपी बसवायची, मान तेवढी बाहेर. जेवण तिथेच, बाळंतपण पण तिथेच, भाडं शून्य.

उत्तर स्कॉटलंडात लोक हिला ग्रोटी बकी म्हणतात, वाळूत सापडली की शुभ मानून पाकिटात ठेवतात. आमच्याकडे मेनरोडला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गल्ल्यात कवडी ठेवतात ना, सेम.