छताला डाग पडलाय? रंगाचा डबा आणण्याआधी हे वाचा

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस लागला की आमच्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "छताला डाग पडलाय, रंग मारून द्या." रंग मारू, पण सगळ्यात शेवटी. वरून पाणी मुरत असताना खालून पुट्टी ओढली तर पुढच्या पावसात तोच डाग दिसतो, वर पोपडे सुटतात ते वेगळेच. आधी गळती बंद करायची, मग छत वाळू द्यायचे, मग गिलावा आणि रंग. घरात लग्न असले तरी हा क्रम आम्ही बदलत नाही.

पाणी ठिबकत असेल तर

पंख्याच्या किंवा दिव्याच्या पॉइंटमधून थेंब येत असतील तर त्या खोलीची लाइट मेनमधूनच बंद करा. वायरमनने पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. जिथे गिलावा फुगलाय, त्याखालचा पलंग किंवा पाळणा आजच हलवा. भिजलेला गिलावा पडताना आधी सांगून पडत नाही.

पाणी नेमके कुठून येते?

डाग जिथे दिसतो तिथेच वर भेग असेल असे समजू नका. वायरिंगच्या पाइपातून किंवा स्लॅबच्या भेगेतून पाणी चार-पाच फूट सरकून भलत्याच खोलीत उतरते. म्हणून ओल कधी वाढते ते आठवडाभर बघा. फक्त पावसात वाढत असेल तर दोष गच्चीचा. बाराही महिने सारखीच असेल तर वरच्या मजल्यावरची न्हाणी किंवा संडास.

आपल्याकडे आणखी एक तऱ्हा आहे : नळाला पाणी आले की ओल. पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-तीन टाक्या. मोटर लावून माणूस झोपतो, टाकी रात्रभर वाहते आणि तिच्या बुडाखालचा कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) कधी सुकतच नाही. अशा ठिकाणी बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप) बदलून काम भागत असेल तर आम्ही कोब्याचे अंदाजपत्रक देत नाही.

गच्चीचा दोष असेल तर आम्ही आधी कठडा आणि कोबा मिळतात तो सांधा पाहतो. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा तापलेला स्लॅब प्रसरण पावतो. त्यावर वळवाचा पाऊस पडला की तो एकदम आकसतो. रोजच्या या ताणाने सांधा उकलतो. तिथे गोलाई देऊन पक्का वाटा (कोपरा भरणारी गोल पट्टी) मारला, तर पुष्कळदा सगळा कोबा उखडावा लागत नाही. दुसरी जागा पावसाच्या पाइपाचे तोंड. एक हजार चौरस फूट गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 2,300 लिटर पाणी जमते. पाइपात पाला, कबुतराची पिसे, पतंगाचा मांजा अडकला असेल तर एवढे पाणी जाणार कुठे?

छताची दुरुस्ती

आम्ही हातोडीने सगळे छत ठोकून बघतो. खणखणीत वाजले तर गिलावा धरून आहे, बद्द वाजले तर सुटलाय. सुटलेला सगळा काढावाच लागतो. "एवढाच तुकडा काढा" असे म्हणू नका. सळई दिसली तर ती कितपत गंजलीय ते पाहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो, म्हणून नुसते वरून लिंपून चालत नाही. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासायची, गंजरोधक लावायचे, मग पॉलिमर मिसळलेला माल थराथराने भरायचा. सळई झिजून बारीक झाली असेल तर आम्ही काम थांबवतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला सांगतो. ते आमच्या अंदाजाचे काम नव्हे.

नव्या मालाला पाणी मारणे सात दिवस तरी हवेच, आपल्या कोरड्या उन्हात दहा दिवस धरा. सकाळ-संध्याकाळ पंप फिरवायचे काम घरच्यांनी अंगावर घेतले तर मजुरीही वाचते. त्यानंतर मात्र पूर्ण वाळू द्यायचे. वाळले का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसले तर पुट्टीवाल्याला अजून बोलवू नका. पांढरा खार आला असेल तर तो कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो.

जुन्या वाड्यांतल्या माळवदाला, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताला, हे काहीच लागू नाही. त्या मातीवर सिमेंटचा कोबा ओतू नका. वजन वाढते, ओल आत कोंडते आणि तुळया कुजतात. ते काम आम्ही आधी पाहून मगच घेतो.

काम कधी काढावे?

जानेवारीत भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा उठली की मार्चअखेरपर्यंत उत्तम. एप्रिल-मेमध्येही करतो, पण मग कोबा भल्या पहाटे टाकून त्यावर ओले गोणपाट अंथरावे लागते. भर पावसात फक्त तात्पुरता ताडपत्रीचा इलाज होतो, त्याचे पैसे वेगळे.

पाहणीला आम्हाला बोलावताना गच्चीची किल्ली आणि डागाचे जुने फोटो हाताशी ठेवा. फ्लॅट असेल तर वरच्या मजल्यावरच्यांशी आधी बोलून घ्या. न्हाणीत रंगीत पाणी सोडून बघायला आम्हाला त्यांच्या घरात जावे लागते, आणि ते दार तुम्ही वाजवलेलेच बरे.