‘कबूल केलंय, आता तक्रार कसली?’

धारावी-गोवंडीपासून लालबागच्या चाळींपर्यंत एक समज पक्का आहे: सावकाराकडून कर्ज घेताना दहा टक्के व्याज आपणच कबूल केलं, कोरा चेक दिला, मग पोलीस काय करणार? हे साफ चूक आहे.

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 चा आहे. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालाही 2014 च्या अधिसूचनेनुसार शेतकरी नसलेल्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्केच घेता येतात. म्हणजे 20,000 वर महिना 300 रुपये. वस्तीतले ‘दहा टक्के’ महिन्याचे असतात: 2,000! दहा महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं, आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायला कायद्याची मनाई आहे.

वसुलीची दहशत मुंबईला नवी नाही. गिरणगावात पगाराच्या दिवशी पठाण सावकार गिरणीच्या दारात उभे राहत. कोर्टात टिकणार नाही असं कर्ज दमदाटीनेच वसूल होतं. गुन्हेगारी शिरते ती इथून, कर्जदाराच्या चुकारपणातून नव्हे. घेणाऱ्याने लाजायचं काहीच कारण नाही.

धमकी आली तर पोलिसांकडे जा. बेकायदा सावकारीची लेखी तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातही करता येते.