बोअर जेवढा खोल तेवढं पाणी जास्त? नाही भाऊ

आपल्याकडे धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत कुठेही बसा, एकजण तरी म्हणतोच की दोनशे फुटाला नाही लागलं तर पाचशेला लागेल, खाली नदी वाहते. ही नदीबिदी काही नाहीये. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण, आणि त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (बारीक भोकं असलेला सच्छिद्र दगड) आणि भेगांमध्ये, खाली जाल तसा दगड घट्ट होत जातो आणि भेगा कमी. कधीतरी खोल भेग लागते, पण तिच्यात पाणी वरूनच हळूहळू झिरपलेलं असतं, म्हणून पहिल्या वर्षी मोटार दणक्यात चालते आणि नंतर तासाभरात फेस मारते. काकांच्या बोअरला तीनशे फुटांनंतर नुसती राखाडी भुकटी उडत होती, सगळ्यांची तोंडं पांढरी झाली, तरी मशीन थांबवलं नाही, प्रत्येक फुटाचे पैसे गेले.

यावल-रावेरकडे तापीचा गाळ आहे, तिथं खोलवर पाणी असतं हे खरं, पण केळीसाठी इतका उपसा झालाय की पातळी खाली खाली गेली.

आणि "माझं शेत, माझं पाणी" हेही पूर्ण खरं नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 मध्ये 60 मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढची विहीर ही "खोल विहीर" धरली आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या भागात, शेतीसाठी ती घेता येत नाही. बोअर मारण्याआधी आपलं गाव त्यात येतं का ते भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि तेच पैसे आधी नाल्यातला गाळ काढायला लावा.