जिवाणूला आपला मध्य कसा सापडतो?

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला दांडीच्या आकाराचा जिवाणू, जेमतेम २ ते ४ मायक्रोमीटर लांब. तो जवळजवळ बरोबर मधोमध विभागतो. हा मध्य त्याला कळतो कसा, याचा पहिला धागा एका बिघाडातून मिळाला. १९६७ साली अ‍ॅडलर आणि सहकाऱ्यांनी टोकाशीच विभागणारा एक उत्परिवर्तित प्रकार नोंदवला. त्यातून डीएनए नसलेल्या चिमुकल्या पेशी, म्हणजे मिनिसेल, सुटत. ‘मिन’ जनुकांचे नाव त्यावरूनच आले. १९८९ मध्ये द बोअर, क्रॉसली आणि रॉथफील्ड यांनी या जनुकांची कामे वेगळी केली: मिनसी आणि मिनडी ही प्रथिने मिळून विभाजन रोखतात, मिनई त्यांना मध्यापासून दूर ठेवते.

तोवर चित्र स्थिर वाटत होते. १९९९ मध्ये रॅस्किन आणि द बोअर यांनी मिनडीला चमकणारे प्रथिन जोडले, तेव्हा ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत ये-जा करताना दिसले. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो आणि मधून झरकन जातो, तसेच हे. सरासरी काढली तर रोधक सर्वांत कमी मध्यावर, म्हणून पेशीला आवळून दोन भाग करणारे प्रथिनांचे वर्तुळाकार कडे तिथेच बसते.

आता हे गणितात मांडायचे होते. पाया तयार होता: वेगवेगळ्या गतीने पसरणारी दोन द्रव्ये एकमेकांवर क्रिया करत असतील, तर एकसारखेपणातून नक्षी उमटू शकते, हे गणितज्ञ ट्युरिंग यांनी १९५२ मध्येच दाखवले होते. २००१ मध्ये माइनहार्ट व द बोअर यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉवर्ड व सहकाऱ्यांनी, मिनची समीकरणे मांडली. पण माइनहार्ट यांच्या प्रारूपाला सतत नवे प्रथिन लागे, आणि प्रयोगात तर प्रथिननिर्मिती थांबवली तरी ही ये-जा चालूच राहत होती.

ही अडचण २००३ मध्ये हुआंग, मेअर आणि विनग्रीन यांनी सोडवली. त्यांच्या प्रारूपात प्रथिनांची एकूण संख्या बदलत नाही. एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू बाळगणारे मिनडी पेशीच्या पटलावर बसते, मिनई त्याला खाली उतरवते. पुन्हा बसण्याआधी त्याला एडीपी, म्हणजे वापरलेल्या एटीपीचा उरलेला रेणू, टाकून नवे एटीपी घ्यावे लागते. तेवढ्या विलंबात ते दूर पसरते. मला या साऱ्या इतिहासात हा छोटासा विलंबच सर्वांत सुंदर वाटतो. लांबलचक पेशींत प्रत्यक्ष दिसणारे झेब्र्यासारखे पट्टेही या समीकरणांतून आपोआप निघाले.

२००८ मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ श्विले यांच्या गटाने पेशीच बाजूला ठेवली. सपाट कृत्रिम पटलावर फक्त मिनडी, मिनई आणि एटीपी घातले, आणि लाटा उमटल्या.