ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, पण हाताचं काय?

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे जखमेकडेच बघत होतो, टाके, पट्टी, ताप आलाय का, पण पुढचे कितीतरी महिने अपॉइंटमेंटला विचारायचे बहुतेक प्रश्न तिच्या उजव्या हाताचेच होते. ऑपरेशन छातीचं आणि दुखतो हात, असं का ते मला खूप उशिरा कळलं म्हणून इथे लिहितेय.

सगळं काखेमुळे. ब्रेस्टमधलं लिम्फ म्हणजे पेशींच्या मधल्या जागेतलं जास्तीचं पाणी बहुतेक काखेतल्या गाठींमधून (या कॅन्सरच्या गाठी नव्हेत, सगळ्यांनाच असतात त्या लिम्फ नोड) गाळून पुढे जातं, त्यामुळे कॅन्सर पसरायला लागला की बहुधा आधी तिथे सापडतो, आणि म्हणून सर्जन काखेतल्या गाठीही काढून तपासायला पाठवतात. पण हाताचं पाणीसुद्धा त्याच गाठींमधून जातं, त्या काढल्या की ते साठून हात सुजू शकतो! पूर्वी बहुतेक सगळ्या गाठी काढायचे. आता शक्य असेल तिथे निळा डाय किंवा किरणोत्सारी औषध टोचून, पाणी सगळ्यात आधी पोचतं त्या दोन-चार गाठी शोधतात (सेंटिनेल नोड म्हणतात त्यांना) आणि त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या तशाच ठेवतात. निळा डाय वापरला असेल तर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका. २०१३ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला होता, त्यात काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या बायकांपैकी पाचातल्या एकीचा हात सुजला होता, सेंटिनेलवाल्यांमध्ये साधारण वीसातल्या एकीचा.

मग ती ड्रेनची नळी. गाठी काढल्या की तिथे पोकळी राहते, त्यात पाणी साठतं, म्हणून ड्रेन लावून घरी पाठवतात आणि रोज किती मिली आलं ते वहीत लिहायचं असतं. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की साधारण काढतात, तरी आकडा तुमच्या सर्जनचाच धरा. ड्रेन काढल्यावर परत फुगवटा आला तर तो बहुधा सिरोमा, साठलेलं पाणीच, जास्त असेल तर ओपीडीत सुईने काढतात. आम्हाला वाटलं कॅन्सर परत आला, रात्रभर कोणी झोपलं नाही.

दंडाची आतली बाजू बधिर वाटते कारण तिथली नस काखेतून जाते आणि ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते. काहींना हात वर केला की काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं होतं, ते फिजिओथेरपीने बहुतेकदा काही आठवड्यांत सुटतं.

आणि आता माझा खरा मुद्दा. आमच्याकडे भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची हात हलवू नकोस हो, टाके तुटतील. आईने ऐकलं. खांदा आखडला, आणि रेडिएशनच्या प्लॅनिंगला गेलो तर म्हणे हात डोक्याच्या वर ठेवून झोपा, तो जाईचना! रेडिएशन घेताना रोज हात तसाच वर ठेवावा लागतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर आम्ही पहिल्या आठवड्यापासून मागे लागलो असतो. बोटं-मनगट-कोपर हलवणं, स्वतःचे केस विंचरणं हे लवकर सुरू करायचं, आणि खांद्याच्या वर हात कधी न्यायचा ते सर्जनला विचारून. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम करताना आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने तारखा लिहायचो, तीन आठवड्यांत खूण वीतभर वर गेली.

त्या हाताने आयुष्यभर वजन उचलायचं नाही हेही आता कोणी सरसकट म्हणत नाही. २००९ साली अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांचा अभ्यास झाला, निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला, सूज वाढली नाही, उलट मध्येच भडकण्याचे प्रसंग कमी झाले. पण म्हणून लगेच दुसऱ्याच दिवशी पाण्याची घागर उचलू नका, हळूहळू म्हणजे हळूहळू.

सूज अगदी सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही, बांगडी किंवा ब्लाउजची बाही एकाच बाजूला घट्ट वाटायला लागते, हात जड वाटतो. असं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा, लवकर पकडली तर मसाज आणि प्रेशरच्या बाहीने ताब्यात राहते. आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर ते इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी दाखवायचं.